रायाजीला पल्याड कोणी नेलं

माझ्या कादंबऱ्यांत नद्या बाजूला सरून वाट देतात, गडाचे दरवाजे रुसून बसतात आणि घोडा मेल्यावरही धन्याला घेऊन तीन मुक्काम चालत राहतो. हे इतिहासात कुठं आहे, असं विचारणारी पत्रं मला आयुष्यभर आली. आता तीच विचारणा मोबाइलवर येते. मध्यंतरी चिंचवडच्या एका कॉलेजात बोलायला गेले होते, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "मॅडम, पोवाड्यांतून अशी अद्भुत कादंबरी लिहावी हे तुम्हाला सुचलं कसं?" मी तिला सभेत शोभेल असं काहीतरी सांगितलं. खरं सांगायचं तर मला काही सुचलं वगैरे नव्हतं. मी एक लबाडी केली होती आणि ती भर अंगणात, सगळ्या गावासमोर उघडी पडली होती. त्या लबाडीची तेव्हा मला फार लाज वाटली होती, आज निम्मीच वाटते. कडवं मात्र चांगलं होतं. हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

तेव्हा आम्ही पिंपरीला कामगारांच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कारखान्यात लेथवर होते. घराचं सगळं वेळापत्रक भोंग्यावर चालायचं. पहिला भोंगा झाला की आईचा तवा चुलीवर चढायचा, दुसऱ्याला अण्णांचा डबा पिशवीत जायचा, आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर मोजून वीस मिनिटांनी त्यांच्या सायकलची घंटी कोपऱ्यावर वाजायची. त्यांच्या कपड्यांना मशीनवरच्या तेलपाण्याचा वास असे आणि तो कितीही साबण लावला तरी जात नसे. लेथवरच्या माणसाला सगळं मापात लागतं. ते ताटावर बसले की भाकरीची कड चिमटीत धरून म्हणायचे, "आज एक सूत जाड झाली." आई मान वर न करता म्हणायची, "मग आणा तुमचं मशीन आणि घ्या भाजून." हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की एखाद्या दिवशी तो झाला नाही तर मला घरात काहीतरी बिनसलंय असं वाटायचं.

कारखान्यात नट-बोल्ट करणारा हा माणूस रविवारी सकाळी वेगळाच व्हायचा. खुंटीवरचा डफ उतरवायचा, शेगडीवर लांबून धरून शेकायचा, बोटानं टिचकी मारून ऐकायचा, पुन्हा शेकायचा. कातड्याचा तो उबदार वास आणि आईच्या फोडणीचा वास त्या दोन खोल्यांत एकमेकांत मिसळायचे. मग गंगाधरकाका तुणतुणं घेऊन यायचे. ते परभणीकडचे, अण्णांच्याच कारखान्यात पेंट शॉपला होते आणि त्यांच्या नखांत कायम कुठला तरी रंग असायचा. दारातूनच विचारायचे, "वैनी, शेंगोळ्याचा वास यायलाय का मलाच भास व्हायलाय?" आई हुलग्याच्या शेंगोळ्या मुद्दाम रविवारी करायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तीन वाट्या ओरपल्याशिवाय तुणतुण्याला सूर लागत नसे.

दोघेही झीलकरी होते. शाहीर पुढं उभा राहून गातो आणि त्याच्या ओळीचा शेवट उचलून जे मागचे लोक वर चढवतात ते झीलकरी. त्यांचे शाहीर म्हणजे भिकोबा उस्ताद, चाकणच्या पलीकडं भामा नदीच्या काठी असलेल्या आमच्या मूळ गावचे. गावाचं नाव मी इथं घालत नाही, कारण तिथले लोक अजून मला ओळखतात आणि काही अजून चिडवतात. उस्तादांच्या घराण्यात रायाजीचा पोवाडा होता. रायाजी हा जासूद. गडाला वेढा पडलाय, आत दाणा संपलाय, आणि मदतीची चिठ्ठी पागोट्यात खोचून हा एकटा बाहेर पडतो. वैरी मागं, पुढं भामा दुथडी भरलेली, नाव नाही, नावाडी नाही. पोवाडा त्या जागी येऊन विचारतो:

*पाणी चढलं कासराभर, न्हाई उतार कुनाला,*
*कोन नेई रायाजीला, सांगा पल्याड तीराला, जी जी रं जी*

आणि आमच्या घरच्या रविवारच्या तालमीत इथं गाणं थांबायचं. अण्णा चार ओळींचा नुसता डफ वाजवायचे, गंगाधरकाका डोळे मिटून तुणतुणं छेडायचे, आणि पाचव्या ओळीला रायाजी पलीकडच्या काठावर ओल्या अंगानं धावत सुटलेला असायचा. तो पलीकडं गेला कसा? लहानपणापासून मला हा प्रश्न छळायचा. मला वाटायचं या दोघांना त्या चार ओळी येत नाहीत. दरवर्षी जत्रेला आम्ही गावी जायचो, पण पोवाडा अंगणात चालायचा आणि आम्ही बायका-पोरी मागच्या दारी मासवड्या थापत बसायचो. तिथं डफ ऐकू यायचा, शब्द ऐकू येत नसत. आणि अण्णांना विचारावं असं कधी वाटलं नाही, कारण वडिलांना येत नसलेली गोष्ट त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला मला आवडत नव्हतं.

ज्या वर्षी माझी मॅट्रिक झाली त्या वर्षी उस्तादांवरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. त्यांची मुलगी आमच्याच वसाहतीत, तीन ओळी सोडून राहायची, तिनं त्यांना उपचारासाठी पिंपरीला आणलं. जत्रा दीड महिन्यावर आलेली. गावानं निरोप धाडला की या वर्षी उस्तादांच्या जागी अण्णांनी उभं राहावं. वीस वर्षं मागच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला पुढं बोलावलं होतं. अण्णा त्या दिवशी जेवताना भाकरीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मग हात धुता धुता आईला म्हणाले, "या वर्षी नीट झालं तर डफ आपल्याकडंच राहील. नाय झालं तर गाव दुसरा फड लावंल, आन् मग उस्तादांचं घराणं संपलं." आई म्हणाली, "होईल की नीट. न व्हायला काय झालं?" पण तिनं त्या रविवारी शेंगोळ्यांत मीठ दोनदा घातलं.

पोवाडा उस्तादांच्या बाडात होता. बाड म्हणजे शाहिराची वही. लांबट, लाल कापडाच्या बांधणीची, जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेली. आदल्या पावसाळ्यात उस्तादांच्या घराचं पत्र्याचं छप्पर गळून ते भिजलं होतं आणि पानंच्या पानं जांभळी होऊन बसली होती. ते नव्या वहीत उतरवायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मला सुट्टी. रोज दुपारी मी उस्तादांच्या मुलीकडं जाऊन बसायची. ते खाटेवर पडलेले असत आणि मी लागतील ती अक्षरं मोठ्यानं वाचत जायची. बरोबर असलं की ते डाव्या हाताचं बोट उचलायचे, चुकलं की तळहात हलवायचे. एखादा शब्द अडला की जड जिभेनं तो कसाबसा सांगायचे. असं करत करत आम्ही शंभरावर कडवी सोडवली. मी आयुष्यात पुढं मोठमोठे संपादक पाहिले, पण इतका चोख माणूस दुसरा पाहिला नाही.

आणि मग ते पान आलं. वर प्रश्न, खाली पलीकडचा काठ, मधे चार ओळींची कोरी जागा. त्या दुपारी उस्ताद झोपले होते. मी पान उजेडात धरून पाहिलं. बाकीच्या पानभर पेन्सिल फुटली होती, पण त्या चार ओळींत जांभळा डाग सुद्धा नव्हता. तिथं कधी काही लिहिलंच नव्हतं, हे मला दिसत होतं. न दिसण्याइतकी मी खुळी नव्हते. उस्ताद जागे झाल्यावर विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि म्हणूनच मी विचारलं नाही. इतकी वर्षं रायाजी माझ्या डोक्यात अलीकडच्या काठावर ताटकळत उभा होता. त्याला पलीकडं नेणारं कोणीतरी मला तेव्हाच सापडलं होतं. मी पेन उचललं आणि बाडातलीच चाल धरून लिहिलं:

*आली जिवा एकटी, तिनं पदर खोविला,*
*नदीबाईनं तिच्यासाठी तळ मोकळा केला,*
*मासं झालं मशालजी, उजेड तळाला झाला,*
*पाणी थांबलं डोईवर, राया पल्याड गेला, जी जी*

लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. स्वतःचंच वाचून असं झालं, हे सांगायला संकोच वाटायला हवा, पण मला वाटत नाही. नदीच्या तळाशी मासे मशाली धरून दुतर्फा उभे आहेत आणि मधून एक मुलगी एका दमलेल्या जासुदाचा हात धरून चालली आहे, हे मला समोरच्या भिंतीवर स्वच्छ दिसत होतं. उस्ताद जागे झाले तेव्हा मी पुढचं कडवं वाचायला घेतलं. त्यांनी बोट उचललं, बरोबर.

नवी वही अण्णांना दिली तेव्हा ते दारात पायरीवर बसले होते. ड्रॉइंग वाचावं तशी त्यांनी ती एका कडेनं वाचत आणली. त्या पानावर आले आणि थांबले. मग चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. "सुमे, हे उस्तादांनी दिलं?" मी म्हटलं, "हो." एवढंच. एका अक्षराची लबाडी. अण्णांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. या जागेचीच मला चिंता होती. तिथलं उस्ताद दरसाल बदलून गायचे, पर कुनालाच कधी सांगितलं न्हाई." गंगाधरकाकांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि मान खाजवली. "भाऊ, ही जिवा कोण म्हणायची? कधी ऐकली नव्हती की ओ." अण्णा म्हणाले, "गंगाधर, ड्रॉइंग हातात आलं की कारागिरानं डोकं चालवायचं नसतं. जे काढलंय ते करायचं. उस्तादांनी दिलंय, संपलं." लेथवर हे शहाणपण होतं. या एका शहाणपणानं घात केला, आणि मला तेव्हाही तोंड उघडायला पुष्कळ वेळ होता. पुढचे तीन रविवार अण्णा ते कडवं घरात गात होते, आणि ते इतकं सुंदर गायचे की मला खरं सांगवेना.

जत्रेच्या सकाळी आम्ही उस्तादांना घेऊन एसटीनं चाकणपर्यंत गेलो. त्या रस्त्यावर आज कंटेनर तासतास खोळंबून उभे असतात आणि माझा भाचा, जो तिथं एका मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोंवर देखरेख करतो, रोज फोनवर त्या चौकाला शिव्या घालतो. तेव्हा तिथं कांद्याच्या राशी आणि धूळ होती. कांदा उतरवून परत निघालेल्या एका टेम्पोत गोधडी अंथरून आम्ही उस्तादांना निजवलं आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो. गावी पोचेपर्यंत अण्णा मांडीवर बोटांनी ठेका धरून होते. सेकंड शिफ्टचे लोक परत जायचे असत म्हणून पोवाडा दुपारीच व्हायचा. दरवर्षी गावातल्या एका घराकडं त्याचा मान असे, आणि त्या वर्षी तो आबा पाटलांकडं होता.

मीही त्या वर्षी पहिल्यांदा अंगणात बसले, कारण वही माझ्या हातात होती. मागच्या दारी मासवड्यांचा रस्सा उकळत होता, सारणातल्या खसखशीचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास पार पुढपर्यंत येत होता. उस्तादांना खुर्चीत बसवलं होतं. अण्णांनी त्यांच्या पायाशी डफ टेकवला, उचलला आणि सुरुवात केली. मला आजही त्यांचा तो आवाज आठवतो. वीस वर्षं मागं राहून साठवलेला आवाज होता तो. गडाचा वेढा आला, उपास आला, रायाजीनं चिठ्ठी पागोट्यात खोचली, आणि अंगणात सुपारी कातरायचा आवाज सुद्धा बंद झाला. नदी आली. पाणी कासराभर चढलं. अण्णांनी प्रश्न विचारला, कोन नेई रायाजीला.

तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. सगळं पाटलाचं घर सरसावून बसलं. आबांनी डोईचा फेटा नीट केला, धाकट्या नातवाला पुढं ओढून मांडीवर घेतलं आणि हळूच म्हणाले, "आता ऐक हां. आता आपल्या मानसाचं नाव यायचंय." एका क्षणात मला सगळं कळलं, जे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं आणि पिंपरीत वाढलेल्या मला नव्हतं. ती जागा कोरीच असायची. ज्या घरी पोवाडा, त्या घराच्या पूर्वजानं रायाजीला पल्याड नेलं, असं त्या जागी उस्ताद गायचे. नावं सगळी त्यांच्या डोक्यात होती. पाटलाकडं येसाजी पाटील, सुताराकडं सुताराचा पूर्वज, कुंभाराकडं कुंभाराचा. गावात बावीस घरं होती आणि बावीसच्या बावीस घरांनी रायाजीला नदी उतरवलेलं होतं. सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणी कोणाला खोटं म्हणत नसे. त्या दिवशी ज्याच्या अंगणात डफ, त्याचा पूर्वज खरा.

अण्णांनी गायलं. आली जिवा एकटी. मासं झालं मशालजी. गंगाधरकाकांनी जी जी उचललं आणि मागं कोणीच साथ देईना तसं ते दोन ओढींत आपोआप थांबलं. आबा पाटील उठून उभे राहिले. "शाहीर, थांबा जरा. आमचे येसाजी कुठं गेले?" पाटलांसाठी या वर्षी उस्तादांनी हेच दिलंय, अशीच अण्णांची समजूत होती. ते म्हणाले, "आबा, वहीत हाय ते मी म्हनलो." "आन् ही जिवा कोन? कुनाच्या घरची? आमच्या दारात येऊन तुमी दुसऱ्याच्याच पोरीचं नाव घेता?" अण्णा ताठ उभे होते. "उस्तादांनी दिलंय. माझ्या पदरचं एक अक्षर न्हाई त्यात." आबा उस्तादांकडं वळले. "उस्ताद, तुमी दिलं हे? व्हय म्हना का न्हाई म्हना. न्हाई म्हनत असाल तर ह्याला डफ खाली ठिवायला सांगा, आमी फुडल्या वर्सी दुसरा फड बघू."

सगळं अंगण उस्तादांच्या तोंडाकडं बघत होतं. मी अण्णांकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. उस्ताद हो म्हणणार याची त्यांना इतकी खात्री होती की ते जवळजवळ हसत होते. तो चेहरा मला सहन झाला नाही. मी वही खाली ठेवली आणि उभी राहिले. मी म्हटलं, "त्यांनी नाही दिलं. अण्णांना ठाऊक नाही. जागा कोरी होती, मी लिहिलं."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी डफाकडं पाहिलं. आबा म्हणाले, "तू कुनाची गं?" मी अण्णांकडं बोट केलं. "आन् जिवा कुनाची?" नदी, मासे, मशाली, सगळं मला दिसलं होतं, पण त्या मुलीचं घर मला दिसलं नव्हतं. तेवढ्यात खुर्चीतून घोगरा आवाज आला. उस्तादांनी डावा हात उचलला होता आणि आबांच्या उंबऱ्याकडं धरला होता. तोंडातून शब्द निघायला वेळ लागला. "हि... हितली."

आबांनी मागं वळून स्वतःच्याच उंबऱ्याकडं पाहिलं, जसं काही ती तिथं उभीच होती. "आमच्या घरची?" उस्तादांनी बोट उचललं, बरोबर. होडीतून नेणं वेगळं आणि नदीनं तळ मोकळा करून देणं वेगळं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं मला स्पष्ट दिसत होतं. पण मोठ्या माणसाला एकदम खाली बसता येत नाही. "मग येसाजी?" ते म्हणाले. दारातून त्यांच्या मालकीणबाईंनी हातातला पळा तसाच धरून उत्तर दिलं, "येसाजींची ल्येक असंल की. एवढं काय त्यात?" कोपऱ्यात कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. आबा नातवाला घेऊन खाली बसले आणि म्हणाले, "ल्येकच असंल. म्हना शाहीर, परत म्हना."

अण्णांनी परत म्हटलं. रायाजी पलीकडं गेला, चिठ्ठी पोचली, वेढा उठला, सगळं रीतसर झालं. गंगाधरकाका तर इतके रंगले की त्यांनी झील दुप्पट ओढली. पण पोवाडा संपल्यावर लोक पंगतीकडं वळले तेव्हा अण्णांनी डफ उस्तादांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्या कुनाला द्या. मी तुमच्या नावानं खोटं बोललो." उस्तादांनी एका हातानं तो डफ ढकलत ढकलत त्यांच्या छातीशी नेला आणि तिथंच दाबून धरला. अण्णा त्या खुर्चीपुढं गुडघ्यावर बसले आणि रडले. मी वडिलांना रडताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. त्या दिवशीच्या मासवडीची चव मला सांगता यायची नाही, कारण मी जेवलेच नाही.

नंतर आठ दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. आई दोघांच्या मधे बसून "त्यांना विचार, आणखी हवी का" आणि "तिला सांग, नको" अशी पोस्टमनकी करत राहिली. शेवटी वैतागून म्हणाली, "पोरीनं चार ओळी लिहिल्या, दरोडा नाय घातला." अण्णा म्हणाले, "ओळींचं काय न्हाई. ओळी झकास हायत. मी विचारलं तेव्हा तिनं हो म्हनायला नको होतं." मग पहिल्यांदा माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझं हाय असं सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं, "तर तुम्ही गायला नसता." ते म्हणाले, "नसतो गायलो." दोघंही खरं बोललो होतो, त्यामुळं पुढं भांडायला काही उरलं नाही. मी नवी वही आणली आणि पुन्हा पहिल्यापासून पोवाडा उतरवला, त्या पानावर चार ओळी कोऱ्या सोडून. पुढचे काही महिने अण्णा रोज शिफ्ट सुटल्यावर उस्तादांकडं जाऊन बसायचे. उस्ताद जड जिभेनं एक घर सांगायचे, त्या घराचा पूर्वज सांगायचे, आणि अण्णा तो पाठ करायचे. बावीस घरं झाल्यावर महिन्याभरात उस्ताद गेले.

पुढच्या जत्रेला मान सुतारांचा होता. पाटलाच्या घरची जिवा तोवर गावभर झालेली. सुतारांच्या दोन सुनांनी अण्णांना वाटेत गाठून विचारलं सुद्धा, "आमच्यात बी येईल का हो ती, मासं घेऊन?" आबा पाटील स्वतः समोरच्या बाजेवर येऊन बसले होते, ती येते की काय हे बघायला. मी वही घेऊन माझ्या जागी बसले होते. अण्णा नदीपाशी आले. त्यांनी प्रश्न विचारला. मग डोळे मिटून सुतारांच्या पूर्वजाचं नाव घेतलं, ज्यानं एका दुपारीत तराफा बांधून रायाजीला पल्याड नेलं होतं, जसं उस्तादांनी सांगितलं होतं तसं, अक्षराचाही फरक न करता. सुतारांची माणसं सुखावली. अण्णांच्या आवाजात काही कमी नव्हतं. डफ आमच्या घरी राहिला तो त्यांच्या अखेरपर्यंत राहिला.

परतताना पुन्हा कांद्याचाच टेम्पो होता. आम्ही दोघं मागं, पाय खाली सोडून बसलो होतो. भामेचा पूल आला तसे अण्णा पाण्याकडं बघू लागले. उन्हाळ्याची नदी, घोट्याएवढं पाणी, दगडांवर कोणी कपडे वाळत घातलेले. पूल मागं पडला तरी ते वळून बघत राहिले.

"सुमे," ते म्हणाले, "रायाजीला आज मी रीतसर नेला. पर तुझी ती पोरगी तिथंच राहिली. पदर खोचून काठावर उभी होती, मला दिसत होती, आन् मी तिला सोडून फुडं गेलो. बरं न्हाई वाटलं मला."

चाकण आलं तसे म्हणाले, "कोन होती ती, कुठनं आली, समदं लिही. मी गाणार न्हाई. मी वाचीन."